नऊ एकांची गंमत

अल्लीपूरच्या एक भगिनी लिहितात, ‘मुलगी सारखी आकडेमोड करीत बसते. सासूबाई म्हणतात, याचा संसारात काय उपयोग?’

ताई, देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या अशाच छंदाला मोठमोठे गणिती हसले होते. १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातून त्यांचं नाव जगभर गेलं!

११ ला ११ नं गुणलं की १२१; १११ ला १११ नं, की १२३२१. आता नऊ एकांना तसंच गुणा : १२३४५६७८९८७६५४३२१. उलट वाचा, सुलट वाचा, सारखंच! अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नवाचा वर्ग. अशा संख्यांना मास्तरांनी एका रेल्वे स्टेशनावरून ‘डेम्लो’ नाव दिलं.

तेव्हा मुलीची वही काढून घेऊ नका. आज जेवणं आटोपली की सासूबाईंना शेजारी बसवा आणि तिलाच हा गुणाकार करून दाखवू द्या.