जोड मिळेल ते गाव

गावच्या जत्रेतले कुस्त्यांचे मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. पहिल्या कुस्त्या चिमुरड्यांच्या, त्या रेवड्यांवर लागतात. मग नारळावर, मग थोड्याफार पैशांवर, आणि ऊन कलेल तसा इनामाचा आकडा चढत जातो. कोणाची कुस्ती कोणाशी लावायची हे पंच ठरवतात. दोन पोरे समोरासमोर उभी करतात, उंची पाहतात, दंड चाचपतात आणि जोड बसली तरच हातात हात देतात. रेवडीवरच्या पोराला शेवटच्या कुस्तीत उतरवावे असे कोणत्याही पंचाच्या मनात येत नाही. तसे केले तर पोर हरेल एवढेच नव्हे, पुन्हा आखाड्यात पाय टाकणार नाही, हे त्यांना ठाऊक असते.

खेड्यातल्या पंचांना कळणारी ही गोष्ट अमेरिकेतल्या कोट्यधीश क्लबांना कधी कळते, कधी कळत नाही. तिथल्या बास्केटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, दर वर्षी जून महिन्यात नव्या खेळाडूंची वाटणी होते. तीस संघ आळीपाळीने एकेक नाव पुकारतात. दोन फेऱ्या होतात. आपल्या लग्नातल्या पंगतीसारखाच प्रकार म्हणा ना! पहिल्या पंगतीला बसलेल्यांच्या ताटात सगळे वाढले जाते, म्हणजे निदान दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते. दुसऱ्या पंगतीतल्यांना तशी हमी नसते. क्लबाला त्या खेळाडूवर हक्क मिळतो आणि खेळाडूला मिळते यादीतले नाव. त्याला कुठे ठेवायचे, कुठे शिकवायचे, हा प्रश्न खरा तिथून सुरू होतो.

या दुसऱ्या पंगतीत २०१५ साली आपला एक मुलगा बसला होता. सतनामसिंग भामरा, पंजाबातल्या बल्लो के या गावचा, वय एकोणीस, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत त्याने चेंडू हातात घेतला, २०१० साली शिष्यवृत्तीवर तो फ्लोरिडातल्या क्रीडा अकादमीत गेला आणि पाच वर्षांनी डॅलस मॅव्हरिक्स संघाने बावन्नाव्या क्रमांकावर त्याचे नाव पुकारले. भारतात जन्मलेल्या खेळाडूचे नाव त्या यादीत प्रथमच आले होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छायाचित्रे छापली. पुढे काय झाले हे मात्र फार थोड्यांनी वाचले. क्लबाने त्याला आपल्या हाताखालच्या टेक्सास लेजंड्स या संघात ठेवले. दोन हंगाम तो तिथे होता आणि त्याचा बराचसा वेळ बाकावर गेला. एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. नंतर तो कॅनडात खेळला आणि २०२१ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

आता दुसरे एकोणीस वर्षांचे पोर पाहा. आदल्याच वर्षी, २०१४ साली, डेन्व्हर संघाने एक्केचाळिसाव्या क्रमांकावर निकोला योकिच या सर्बियन मुलाचे नाव घेतले. ते पुकारले जात असताना अमेरिकी दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. इतकी त्या नावाची किंमत. डेन्व्हरने त्याला लगेच बोलावले नाही. एक वर्ष तो मायदेशीच, मेगा या आपल्या जुन्या क्लबात राहिला. तिथे तो रोज खेळला, नुसता खेळला नाही तर संघ त्याच्याभोवती खेळला, आणि त्या हंगामात एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग तो अमेरिकेला गेला. २०२१, २०२२ आणि २०२४ साली तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि २०२३ साली त्याने डेन्व्हरला पहिले विजेतेपद मिळवून दिले.

वाचक म्हणतील, योकिचची प्रतिभाच वेगळी. मान्य आहे. सतनामला एक वर्ष कुठेही ठेवले असते तरी तो योकिच झाला असता, असे माझे म्हणणे नाही. पण तो जो काही होऊ शकला असता, ते होण्याची संधी त्याला मिळाली का? त्याच्या वयाची अमेरिकी मुले कॉलेजच्या संघांतून दोन-चार वर्षे खेळून मग व्यावसायिक मैदानात उतरतात. ती मधली पायरी त्याला लाभली नाही. तो शाळकरी वयाच्या स्पर्धेतून थेट पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पुरुषांत गेला, आणि त्या पुरुषांतल्या प्रत्येकाला वरच्या लीगमध्ये जाण्याची घाई होती. अशा ठिकाणी शिकाऊ पोराकडे चेंडू कोण देणार? आपल्या तालमीच्या भाषेत सांगायचे तर त्याला खुराक उत्तम मिळाला, वस्ताद मिळाले, जोड मिळाली नाही.

उलट अर्जेंटिनाच्या मानू जिनोबिलीची गोष्ट. १९९९ साली सॅन अँटोनिओ संघाने त्याला निवडले ते सत्तावन्नाव्या क्रमांकावर, आणि त्या वर्षी यादीच अठ्ठावन्न नावांची होती. तो तेव्हा इटलीत खेळत होता. तीन वर्षे तिथेच राहिला; आधी लहान क्लब, मग बोलोन्याचा मोठा क्लब, २००१ साली युरोपचे विजेतेपद. २००२ साली तो सॅन अँटोनिओला गेला तेव्हा शिकाऊ राहिला नव्हता. चार विजेतेपदे त्या क्लबाबरोबर आणि २००४ साली अथेन्समध्ये अर्जेंटिनासाठी ऑलिंपिक सुवर्ण. तो घर धरून बसला नाही, हे लक्षात घ्या. हजारो मैल दूर गेला, पण प्रत्येक वेळी एकच पायरी वर.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली आणि पीककर्जाचे अर्ज वाचले. ऊस पिकवणाऱ्या टापूत बँकेच्या अधिकाऱ्याला आधी शिकावे लागते ते हे, की सगळा ऊस एका मुदतीचा नसतो. सुरू उसाला साधारण बारा महिने, पण पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. आडसाली ऊस बाराव्या महिन्यात तोडला तर टिपरू मिळते, साखरेचा उतारा मिळत नाही. म्हणून कर्जफेडीची मुदतही पिकाप्रमाणे ठेवायची असते. पोरांच्या बाबतीत आपण ही मुदत पाहत नाही. चौदा ते वीस ही सहा वर्षे म्हणजेच खेळाडूचे भांडवल. पैसा बुडाला तर पुन्हा उभा करता येतो. ही वर्षे बाकावर बसून गेली तर कोणती बँक ती परत देणार?

हे सारे मी परदेशी खेळाच्या कौतुकापोटी लिहीत नाही. निवृत्तीनंतर मी वरवंडला राहतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे, तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे हे गाव. इथले लोक मला अजून बँकेतला साहेब समजतात आणि कर्जाखेरीज इतर गोष्टींचाही सल्ला विचारतात. मध्यंतरी असाच एक शेतकरी आला. दोन एकर ऊस, मुलगी दहावीला, कबड्डी उत्तम खेळते. एका निवासी केंद्राच्या निवड यादीत तिचे नाव अगदी तळाला लागले होते.

"साहेब, शेवटाला का व्हईना, पण नाव लागलंय. पाठवू का नको?"

मी विचारले, "गेल्या वर्षी ज्या मुली यादीत शेवटी होत्या, त्या वर्षभरात किती सामने खेळल्या?"

"ते कसं कळणार?"

"विचारून. तुम्ही उसाला बेणं घेता तेव्हा आधी कोणाच्या रानात कसं आलं ते बघता ना?"

त्यांनी जाऊन विचारले. उत्तर सरळ मिळाले, त्याबद्दल त्या केंद्राला धन्यवादच द्यायला हवेत. तळाच्या मुली पहिले वर्ष सराव करतात, संघाबरोबर फारशा जात नाहीत. घरात दोन दिवस बोलणे झाले. आईचे म्हणणे, आलेली संधी परत येत नाही. ते खोटे नव्हते. पुढच्या वर्षी यादीत नाव येईलच याची हमी कोण देणार? मुलीचे म्हणणे एवढेच होते, "मला खेळायचंय." शेवटी तिने एक वर्ष इथेच राहायचे ठरले. शाळेच्या संघाची ती कप्तान आहे आणि दर रविवारी तालुक्यातल्या मोठ्या मुलींच्या संघाबरोबर खेळते. तिथे ती रोज पकडली जाते, कारण त्या मुली तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या आहेत. पुढे काय होईल ते मला सांगता येणार नाही. पण तिला जोड मिळाली आहे.

याचा अर्थ गावातच राहावे असा कोणी काढू नये. राहुल आवारे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यातच राहिला असता तर? तो पुण्याला हरिश्चंद्र बिराजदारांच्या तालमीत आला, त्यांच्यानंतर काका पवारांकडे शिकला, आणि २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण व २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. स्वतः बिराजदारही लातूरकडचे, घडले कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. गावात जोड संपली की गाव सोडावेच लागते. गाव जवळ की शहर दूर हा प्रश्नच नव्हे. अंगाला माती कुठे लागेल, हा प्रश्न.

आपल्याकडच्या नव्या क्लबांनाही हे उमगू लागले आहे. ऋतुराज गायकवाडला चेन्नईने डिसेंबर २०१८ च्या लिलावात वीस लाख रुपयांना, म्हणजे पायाभूत किमतीला घेतले. २०१९ च्या आयपीएलमध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही. पण तो केवळ बाकावर बसून राहिला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बेळगावला भारत 'अ' संघाकडून त्याने श्रीलंका 'अ' संघाविरुद्ध नाबाद १८७ धावा केल्या. २०२१ साली तो आयपीएलमध्ये सर्वाधिक, ६३५ धावा काढणारा फलंदाज ठरला. कबड्डीत पुणेरी पलटणने युवा पलटण नावाचा हाताखालचा संघच उभा केला. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्यातून वर आला आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने प्रो कबड्डी जिंकली. अमेरिकेतही शहाणपण आले, पण सतनामचे दोन हंगाम संपल्यावर. २०१७ पासून तिथे एकाच खेळाडूला वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही संघांतून खेळवण्याचा करार सुरू झाला. आज प्रत्येक क्लबाला असे तीन खेळाडू ठेवता येतात.

मग पालकांनी काय पाहावे? माझ्या मते तीनच गोष्टी. पहिली, वर्षाला प्रत्यक्ष सामने किती मिळतील? सराव नव्हे, सामने. दुसरी, पोराकडे रोज पाहणारा माणूस कोण? संस्थेचे नाव सांगू नका, माणसाचे नाव सांगा; तो पहाटे मैदानावर असतो का ते सांगा. तिसरी, दोन वर्षांनी हे जमले नाही तर हातात काय उरेल? शाळा चालू राहील का, परीक्षा देता येईल का? या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देणारे ठिकाण बालेवाडीत असेल, कोल्हापुरात असेल, नाही तर शेजारच्या गावच्या मोकळ्या पटांगणावर असेल. नामफलकाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

आणि निवड करणाऱ्यांनाही एक विचारावेसे वाटते. कर्ज मंजूर केल्यावर बँकेचा अधिकारी रान पाहायला जातो, पीक उभे आहे की नाही ते पाहतो. तुम्ही यादीत पन्नासावे नाव लिहिता, बातमी छापून येते, गावात पेढे वाटले जातात. त्या पन्नासाव्या पोराचे पुढे काय झाले, याची नोंद तुमच्या कोणत्या वहीत असते? पहिल्या पाचांना कोणीही घडवील. ते निम्मे घडूनच आलेले असतात. संस्थेची खरी परीक्षा तळाच्या नावांवर होते. त्यांना खेळवायचे नसेल तर निवडू नका. निवडले असेल आणि तुमच्याकडे जागा नसेल तर, डेन्व्हरने केले तसे, जिथे ती खेळतील तिथे राहू द्या आणि नजर ठेवा. यात कमीपणा कसला?

यादीत नाव कितवे लागावे, हे पोराच्या हातात नसते. त्याच्या आईबापांच्या हातात तर मुळीच नसते. पुढच्या वर्षभरात ते पोर किती वेळा मैदानात उतरणार, हे मात्र सामानाची पेटी भरण्याआधी विचारता येते. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि ज्याला या प्रश्नाचा राग येईल, त्याच्या हवाली आपले पोर करू नये.