अंगणवाडी कुणाच्या अंगणात?

एका गावातल्या दोन अंगणवाड्यांची तुलना करायची तर सरकारी तक्ता तयारच असतो. इमारत स्वतःची आहे का, शौचालय, पाणी, वजनकाटा, पट. पीएचडीसाठी मी सध्या एका तालुक्यातल्या अंगणवाड्या फिरते आहे. तिथे वारंवार दिसणारी गोष्ट या तक्त्यात बसत नाही. पक्की इमारत गावठाणात, देवळाच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या शेजारी. वस्तीतली अंगणवाडी मात्र समाजमंदिरात किंवा कुणाच्या तरी पडवीत. शेरा एकच: 'जागा उपलब्ध नाही.' गायरान कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारणारा रकाना नाही.

आणि अंतराचाही नाही. तीन वर्षांचं मूल एकटं रस्ता ओलांडून गावठाणात जात नाही. आई सकाळीच खुरपणीला गेलेली असते. मग मूल पटावर असतं, अंगणवाडीत नसतं. अहवालात त्याला 'पालकांची उदासीनता' म्हणतात!

गंमत म्हणजे अंगणवाडी हा शब्दच या अंतरातून आला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. दलित-आदिवासी मुलं तिथे येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. वस्तीचं अंगण मात्र मागे राहिलं. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सांगावं लागलं की अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीसाठी प्राधान्य द्या. आणि सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असलेल्या, अंगणवाडी नसलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत ती द्या.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. वस्तीची वेगळी अंगणवाडी म्हणजे तिसऱ्या वर्षापासून जातीची वेगळी रांग. पण आज एकत्र बसण्याची किंमत कोण मोजतं? वस्तीतलं मूलच चालतं, गावठाणातलं वस्तीकडे येत नाही. मदतनीस बौद्ध किंवा मातंग असली की काही घरांतली मुलं डबा घरूनच आणतात. त्यामुळे आधी जवळ, आणि तितकीच पक्की, हीच मागणी योग्य वाटते. वस्ती लहान म्हणून मिनी अंगणवाडी मिळायची, म्हणजे मदतनीसच नाही: शिकवणं, शिजवणं, नोंदी, सगळं एकाच बाईवर. तिच्या केंद्राची तुलना दोघींच्या केंद्राशी करून 'कामगिरी कमी' लिहिणं हा अन्याय आहे.

शिकलेली घरं हळूहळू इंग्लिश मीडियम नर्सरीकडे वळतात, आपलीही. त्यांना दोष देत नाही. पण भावाबहिणींची मुलं अजून तिथेच आहेत. पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर वस्तीतून अंगणवाडीपर्यंत मुलाच्या पावलाने चालून बघा. वस्तीत अंगणवाडी नसेल तर चाळीस मुलांची नावं, जन्मतारखा लिहून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. पोच घ्या, त्यावर तारीख टाकून घ्या. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.