ट्रंकेत पडून राहिलेल्या कादंबऱ्या

आपल्या एका साहित्यमेळाव्यात एका विद्वान वक्त्यांनी नवोदितांना उपदेश केला, "कादंबरी लिहिलीत तर दहा वर्षे ती कुणाला दाखवू नका. निर्दोष झाल्याखेरीज छापू नका. समाजाचे हसे व्हायला नको." टाळ्या पडल्या. सभ्यपणा म्हणून मीही टाळी वाजविली, आणि परतीच्या वाटेवर त्या टाळीची मला लाज वाटू लागली. तो उपदेश मला सर्वस्वी अमान्य आहे. व्यासपीठासमोर बसून जे बोलायचे धैर्य झाले नाही, ते येथे लिहीत आहे.

घाईघाईने छापलेल्या, मुद्रितशोधनाचा स्पर्शही न झालेल्या पुस्तकांचा मला वीट आहे. अशी पुस्तके प्रकाशनसमारंभात शालीबरोबर हाती येतात आणि कपाटात जागा अडवून बसतात. पुनर्लेखन नको, असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या धर्मग्रामांतील दुखणे घाईचे नसून नेमके उलट आहे.

वाचकहो, आपल्यात कादंबरी लिहितो कोण? निवृत्त शिक्षक, लोकलच्या प्रवासात वही उघडणारा कारकून, मुले झोपल्यावर स्वयंपाकघरात बसणारी एखादी माता. त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. लग्नातल्या साड्या ठेवलेल्या ट्रंकेच्या तळाशी त्या असतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "अजून मनासारखी उतरली नाही, फादर." दहा वर्षांनी विचारा, तेच उत्तर. आपण याला विनय म्हणतो आणि कौतुक करतो. मला तो नेहमीच विनय वाटत नाही. माझ्या नावावर एकही उणे शब्द असता कामा नये, या हट्टात नम्रता कोठे आहे?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला 'स्क्रूपल' हा विषय होता. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा टोकदार खडा. चपलेत शिरला की माणूस चालत नाही, खड्याकडेच पाहत बसतो. क्षमा झालेले पाप पुनःपुन्हा निवेदन करायला येणारा भाविक प्रत्येक धर्मगुरूला ठाऊक असतो. त्याचा विवेक फार तीव्र असतो असे लोकांना वाटते. वस्तुतः तो आजारी असतो. संत इग्नेशियस १५२२ साली मानरेसा येथे या यातनेतून गेले. जीव द्यावा इथवर त्यांची मजल गेली होती. अखेर, मागील पापे पुन्हा निवेदन करायची नाहीत, असा निश्चय त्यांनी केला आणि ते मोकळे झाले. पुढे 'आध्यात्मिक साधने'त त्यांनी या खड्याविषयी स्वतंत्र टिपणे लिहिली. देवाच्या गौरवासाठी काही बोलू वा करू जाणाऱ्याच्या मनात आपण हे मोठेपणासाठी करीत आहोत अशी शंका उठली, तर त्याने थांबू नये, असे ते सांगतात. लेखकाला याहून उपयोगी सल्ला कोणत्या साहित्यशास्त्रात आहे, ते मला कुणी दाखवावे.

निकोलाय गोगोलचे उदाहरण घ्या. १८२९ साली पहिल्या पुस्तकावर टीका होताच त्याने दुकानांतल्या प्रती गोळा करून जाळल्या. १८४२ साली 'मृत आत्मे'चा पहिला भाग आला आणि रशिया थक्क झाला. दुसऱ्या भागात त्याला माणसांचा उद्धार दाखवायचा होता. हस्तलिखित मनासारखे उतरेना म्हणून १८४५ साली त्याने तेही जाळले, पुन्हा लिहिले, पुन्हा झुरला. १८५२ च्या फेब्रुवारीत, उपवासकाळाच्या आरंभी, मॉस्कोत मध्यरात्री त्याने ते पुन्हा शेगडीत घातले. त्यानंतर अन्न जवळजवळ वर्ज्य केले आणि दहा दिवसांत तो गेला. वय अवघे ४२. मागे राहिली ती दुसऱ्या भागाची काही अर्धीमुर्धी प्रकरणे. ती १८५५ साली छापली गेली आणि आजही लोक वाचतात, अपुरी म्हणून टाकून देत नाहीत.

या कथेत एक धर्मगुरूही आहेत, फादर मात्वेय कॉन्स्तांतिनोव्स्की. गोगोलचे ते आध्यात्मिक मार्गदर्शक. त्या लेखनावर त्यांनी नापसंती दर्शविली होती. त्यांचा दोष किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्या वादात पडायचे नाही, कारण मला माझाच हिशेब द्यायचा आहे.

वीस वर्षांपूर्वी माझ्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एका शिक्षकांनी सहा वह्या माझ्यापाशी आणून दिल्या. पानमळे, विहिरीवरचे रहाट, वाळूउपसा, चर्चचा सण, मुंबईच्या गिरणीत गेलेला भाऊ, असे सारे त्यांत होते. माणसे घरच्या बोलीत बोलत होती. मी तरुण होतो, नुकताच मराठीचा पदवीधर झालो होतो. लाल शाईने मी बोली 'शुद्ध' केली, समासात प्रश्नचिन्हे टाकली, आणि अखेरीस लिहिले की अजून पुष्कळ मेहनत हवी. ते "बरे, फादर" म्हणाले आणि वह्या घेऊन गेले. पुढे एक ओळही त्यांनी लिहिली नाही. भेटले की कादंबरी सोडून सर्व विषयांवर बोलत.

कोणत्या अधिकाराने मी ती शाई वापरली? १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापले गेले तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले की, शुद्ध मराठी सामान्यांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून सोपे शब्द आपण ठायी ठायी मिसळले आहेत. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज जेज्वीटाला जे कळले, ते मला येथल्या मातीत जन्मून कळले नाही! बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले, तेव्हा निर्दोष मराठी कादंबरीचा नमुना त्यांच्यापुढे नव्हताच. त्या पुस्तकात उपदेश फार आहे, हे मलाही खटकते. पण विधवांचे दुःख आधी कागदावर आले आणि कादंबरीची कला मागाहून. लक्ष्मीबाई टिळकांना जोडाक्षरे कधी धड साधली नाहीत, आणि 'स्मृतिचित्रे' मात्र मराठीच्या माथ्यावर आहे. आपले विद्वान वक्ते त्या काळी असते, तर या बाईंना त्यांनी दहा वर्षे थांबविले असते. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला आणि १९३६ साली त्या निवर्तल्या.

दाखल्यातील शेतमालक निदण लगेच उपटू देत नाही. त्याबरोबर गहूही उपटला जाईल, ही त्याची भीती. (पुरलेल्या पैशाचा दाखला वाचकांना आठवला असेलच, तो मी प्रवचनात फार वापरून झिजविला आहे.) आपली घाई गहू उपटण्याची आहे. ज्यांना रहाटाच्या प्रत्येक भागाचे नाव ठाऊक आहे, अशी माणसे दर महिन्याला मी दफनभूमीत पोचवितो. वक्तेमहाशयांची दहा वर्षे त्यांच्यापाशी नाहीत. प्रकरण झाले की शेजाऱ्याला वाचून दाखवा. तिसऱ्या खेपेस बदललेले वाक्य पहिल्या खेपेसारखेच होऊ लागले की लेखणी ठेवा आणि वही संपादकांकडे धाडा. दोष राहतील, टीका होईल. ती सोसणे हाही लेखकाचा धर्म आहे.

त्या शिक्षकांना देवाने मागील पावसाळ्यात बोलावून घेतले. महिन्याच्या मिस्सानंतर त्यांची कन्या पिशवी घेऊन आली. सहापैकी चार वह्या होत्या. दोन वाळवीने खाल्ल्या. रात्री मी त्या वाचायला बसलो. लाल शाई फिकी झाली होती, पण तिच्याखालची बोली स्पष्ट वाचता येत होती. पहिली दोन प्रकरणे मी मूळ शब्दांत उतरवून काढली आहेत आणि या अंकाच्या संपादकांच्या हवाली केली आहेत.