डॉक्टर पाहुणा नको, घरचा हवा

गॅसपीडितांच्या इस्पितळात मोठे डॉक्टर टिकत नाहीत, असा विषय निघाला की आपल्या शाहपुऱ्यात ठरलेले उत्तर मिळते, 'त्यांना पैसा हवा!' उत्तर सोपे आहे, पण अर्धेच आहे.

करोंदचे भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालात गॅसपीडितांसाठी इस्पितळ उभारण्याचा आदेश होता. युनियन कार्बाइडचे जप्त शेअर विकून पैसा उभा राहिला आणि २००० साली इस्पितळ सुरू झाले. २०१० मध्ये ट्रस्ट गेला, केंद्राचे खाते आले, पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आली. धनी बदलत गेले, डॉक्टरांच्या सेवाशर्तींचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. अनेक विशेषज्ञ सोडून गेले. भोगले कोणी? ज्यांची फुप्फुसे १९८४ च्या त्या रात्री जळाली त्यांनी.

बँकेतल्या साध्या क्लार्कलासुद्धा लेखी आरोपपत्र आणि चौकशीशिवाय काढता येत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेच्या संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीची जागा १९७० च्या कायद्यातच आहे. मग हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्याने आपली बढती आणि कायमपणा यांसाठी कोणाच्या दारात उभे राहायचे? यंत्र बंद आहे, औषध निकृष्ट आहे, हे तोंडावर सांगायची हिंमत तोच करील, ज्याची खुर्ची नियमाने पक्की आहे.

'डॉक्टरांना हक्क दिले की ते मुजोर होतील', असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. हक्कांबरोबर जबाबदारीही लेखी असू द्या. हलगर्जीपणा करणाऱ्याची चौकशी जरूर व्हावी, पण नियमाने, साहेबाच्या मर्जीने नव्हे.

९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची देखरेख जबलपूरच्या उच्च न्यायालयाकडे सोपवली. पण सगळेच कोर्टावर टाकून आपण गणेशोत्सवाच्या वर्गणीपुरते एकत्र यायचे का? पिढ्यान्‌पिढ्या या शहराचे अन्न खाल्लेल्या मराठी घरांचे काही देणे लागते.

येत्या सर्वसाधारण सभेत तीन मागण्यांचा ठराव व्हावा. वेळेवर बढती देणारे पक्के सेवानियम, लेखी कारणाशिवाय कोणालाही काढू नये आणि व्यवस्थापन समितीत डॉक्टरांनी निवडलेला प्रतिनिधी. ठरावाची प्रत खासदारांच्या हाती द्यावी आणि उत्तर लेखीच मागावे.