कणा, खांदा आणि फौजेतला 'नाना'

माजी सैनिक बांधवांनो, घरी येताना मेडिकल बोर्डाच्या कागदावर काय शेरा होता ते आठवा. आजार नोकरीमुळे झाला नाही, नोकरीमुळे वाढलाही नाही. या इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरं जुळवली की 'नाना' होतं. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं कर्तं माणूस; फौजेतला नाना डिसॅबिलिटी पेन्शन खातो.

मणक्याच्या दुखण्याला हा शिक्का हमखास बसतो. झीज वयानुसार आहे आणि त्रास पीस स्टेशनला सुरू झाला, ही ठरलेली कारणं. अहो, मणक्याला पीस आणि फील्ड कळतं का? १५५ मिलिमीटर तोफेचा एक गोळा ४० किलोहून जड. तो वर्षानुवर्षं उचलणारा गनर, मॉर्टरची बेसप्लेट पाठीवर घेऊन डोंगर चढणारा जवान, तवांगच्या रस्त्यावर गाडी हाकणारा ड्रायव्हर. यांची गादी सरते तिकडे आणि एमआरआय निघतो पुण्यात नाहीतर अंबाल्यात. चौकीवर मशीन नव्हतं, म्हणून दुखणं पीसमधलं?

खांद्याचं दुखणं कागदावर अडतं. माझा खांदा ऑब्स्टॅकल कोर्सवर निखळला. एमआय रूममध्ये बसवला, गोळ्या दिल्या, चौथ्या दिवशी मी परेडला हजर. इंज्युरी रिपोर्ट कुणी केला नाही. वीस वर्षांनी बोर्ड विचारतं, पुरावा कुठाय?

धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली स्पष्ट सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची आणि संशयाचा फायदा जवानाला. तो निकाल १९८२ च्या नियमांवरचा. पुढे २००८ चे आणि २०२३ चे नियम आले, हे सरकारी वकील ऐकवतीलच. पण नियम बदलले म्हणून गोळ्याचं वजन उतरलेलं नाही.

खोटी डिसॅबिलिटी लाटणारे आहेत, मी नाकारत नाही. त्यांना जरूर पकडा. पण त्यांच्यापायी शिपायाला पहिलं अपील, दुसरं अपील, ट्रिब्युनल असं फिरवता आणि तो तिथं जिंकला की पुन्हा वरच्या कोर्टात खेचता, त्या खर्चाचा हिशेब कोण मागणार?

नोकरीतल्या पोरांनो, मार लागला की आयएएफवाय-२००६ त्याच आठवड्यात भरून घ्या, हवालदार मेजर हसला तरी. एक झेरॉक्स घरी पाठवा.