घराची पारख कोणी करावी?

यवतमाळच्या बाजारात कापसाची गाडी आली की खरेदीदार मूठभर कापूस हाती घेतो, ओलावा पाहतो आणि मगच भाव सांगतो. ओलावा १२ टक्क्यांहून अधिक निघाल्यास भारतीय कापूस महामंडळ तो माल हमीभावाने घेत नाही. परंतु याच गावातील शिक्षक वा कारकून भविष्यनिर्वाह निधी मोडून आणि वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन नवे घर घेतो, तेव्हा रंगाचा ताजेपणा आणि फरशीची चकाकी यांपलीकडे त्याची परीक्षा जात नाही.

घर पाहणारे पुष्कळ असतात, हे खरे. नगर परिषद मंजूर नकाशा पाहते. बँकेचा मूल्यांकक बँकेचे कर्ज सुरक्षित आहे ना, एवढे पाहतो. बांधणाऱ्याचा अभियंता आपल्या मालकाला बांधलेला असतो. घेणाऱ्याच्या वतीने पाहणारा मात्र यांत कोणीच नसतो.

यवतमाळ परिसरात ही उणीव अधिकच जाचक ठरते. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया कठीण थरापर्यंत नेलेला नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तडे जातात. नव्या घरात ते दिसत नाहीत आणि मातीआड गेलेला पाया तर तज्ज्ञालाही दिसत नाही. म्हणूनच बांधकाम चालू असेल तर पाया भरताना आणि स्लॅब टाकण्यापूर्वी, आणि घर तयार असेल तर ताबा घेण्यापूर्वी, तपासणी व्हावयास हवी. तयार घराच्या बाबतीत माती-परीक्षणाचा अहवाल आणि पायाचे नकाशेही मागून घ्यावेत.

कायदा आहेच, असे कोणी म्हणेल. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षांत दाखविलेला बांधकामातील दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकास बंधनकारक आहे. तथापि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या योजनेस या कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. लहान शहरांतील अनेक योजना एवढ्याच आकाराच्या असतात. ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, कारण घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच मान्य केले. पण तेथेही पुरावा लागतोच आणि तज्ज्ञाचा लेखी अहवाल हाच तो पुरावा होय. शिवाय कायद्याची भरपाई दोषानंतरची. महाड येथील इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळून १६ जणांचा बळी गेला, तेव्हा ती दहा वर्षांचीही जुनी नव्हती.

तपासणी मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, हा संकोच सोडला पाहिजे. चोख काम करणाऱ्यास परीक्षेचे भय नसते. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या स्थापत्य अभियंत्याच्या तपासणीची अट इसारचिठ्ठीतच लिहून घ्यावी. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनी अशा अभियंत्यांची यादी ठेवून त्यांचे शुल्क ठरवून घेतले, तर एकट्या सभासदावर त्याचा भार पडणार नाही. आयुष्यभराची पुंजी ओतताना कापसाच्या गाडीइतकी तरी पारख घराच्या वाट्याला यावी.