'राईट' म्हणजे नक्की कुठलं राईट?

इंग्रजीतला 'राईट' हा शब्द किती कामं करतो बघा. गणिताचं उत्तर बरोबर आलं की राईट. उजवा हात राईट. काटकोनाला राईट अँगल. राजकारणातले उजवेही राईटच, कारण १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत. नीतीला धरून असेल ते राईट आणि कायद्याने दिलेला हक्क, तोही राईट!

मूळ अर्थ 'सरळ'. आपला संस्कृत 'ऋजु' त्याच घराण्यातला. सरळ रेघेवरून सरळ वागणं आणि तिथून न्याय, हक्क असा हा प्रवास झालेला दिसतो. जर्मन 'रेश्ट'चंही तसंच, त्यात कायदाही आला आणि हक्कही.

मराठीत मात्र बरोबर, उजवा, योग्य, हक्क असे वेगवेगळे शब्द आहेत. 'हक्क' अरबीतून आला (तिकडे त्याचा एक अर्थ 'सत्य' असाही आहे), पण आपण तो फक्त हक्कापुरता ठेवला. त्यामुळे 'मला हक्क आहे का?' आणि 'मी हे करणं योग्य आहे का?' हे दोन प्रश्न मराठीत सहज वेगळे विचारता येतात. परवानगी काढलेली आहे, रात्रीचे दहा वाजायचे आहेत, आवाज मर्यादेत आहे, म्हणजे स्पीकर लावायचा हक्क आहे. पण शेजारच्या मुलाचा उद्या दहावीचा पेपर असेल तर तो लावणं योग्य आहे का? हा दुसरा प्रश्न ज्याच्या हातात हक्क आहे त्याने स्वतःला विचारायचा असतो.

आणि इथेच आपण लबाडी करतो. दुसरा प्रश्न आपण नेमका दुसऱ्याला विचारतो. सगळ्यात जास्त कोणाला? तर बहिणीला.

महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, फक्त आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. हक्काचा प्रश्न मिटला. मग आपण काय करतो? हक्कसोडपत्र तयार करतो आणि सांगतो, "ताई, तुझा हक्क आहे गं, पण भावांकडे मागणं बरं दिसतं का?"

भाऊ आपला वाटा घेतो तेव्हा तो हक्क. बहिणीने घ्यायचा म्हटलं की लगेच नीती, माया, माहेर, भाऊबीज, सगळं आठवतं. "लग्नात खर्च केला होता की!" अहो, भावाच्या शिक्षणावर, त्याच्या लग्नावर खर्च झाला नव्हता का? तो कुणी त्याच्या वाट्यातून वजा केला?

काही जण म्हणतील, बहिणी आपखुशीने सह्या करतात. करत असतीलही, आणि मनापासून सोडलेल्या हक्काबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सही करण्याआधी जमीन किती, आजचा भाव काय, तिच्या वाट्याला किती येतं, हे तिला कुणी समोर बसून सांगितलं का? आणि 'नाही' म्हटल्यावरही माहेरचं दार उघडं राहील, याची खात्री तिला होती का? नसेल, तर त्याला आपखुशी म्हणू नका.

इंग्रजांकडे निदान एकच शब्द असल्याची सबब आहे, आपल्याकडे तीही नाही. तेव्हा नातेवाईक मंडळी, पुढच्या वेळी दुय्यम निबंधकाकडे जायला गाडी काढाल तेव्हा 'हे योग्य आहे का?' हा प्रश्न ताईला विचारू नका. ज्याच्या नावावर जमीन होणार आहे त्याला विचारा.